संधिवाताची एचसीक्यू गोळी आणि डोळ्याचा पडदा: बंद करण्याआधी हे वाचा

प्रश्न असा आला आहे. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग असलेले एक गृहस्थ लिहितात: "आईचं वय ५४, वजन ४६ किलो. सहा वर्षांपासून आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. पहिल्यापासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (एचसीक्यू) ४०० मिलिग्रॅम रोज चालू आहे आणि सांधे आता बरे आहेत. चष्म्याचा नंबर काढायला सांगलीला नेलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी गोळीचं नाव बघून ओसीटी आणि फील्ड टेस्ट करायला सांगितली. आईला दिसायला काहीच त्रास नाही. इकडे एका नातेवाइकाने मोबाइलवर पाठवलंय की या गोळीने डोळे जातात, ताबडतोब बंद करा. तपासणीची खरंच गरज आहे का? आणि गोळी बंद करू का?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तपासणी, म्हणजे ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या आवाक्याची चाचणी), नक्की करा, आणि पुढे न ढकलता याच महिन्यात करा. शिवाय तुम्ही जे विचारलंच नाही तेच इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे: ४६ किलो वजनाला रोज ४०० मिलिग्रॅम हा डोस डोळ्यांच्या हिशेबाने जास्त आहे. सांध्यांच्या डॉक्टरांना भेटून आधी तेवढंच विचारा.

मी सांगलीत बरीच वर्षं डोळ्याच्या पडद्याचंच, म्हणजे रेटिनाचंच, काम करतोय. या एका गोळीपायी घाबरून आलेले लोक मी पाहतो आणि या गोळीकडे अजिबात लक्ष न दिलेले लोकही पाहतो. दोघांचंही नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा डोस. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने २०१६ मध्ये सुधारलेला नियम असा: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज, प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. तुमच्या आईसाठी ४६ गुणिले ५ म्हणजे २३० मिलिग्रॅम. चालू डोस ४०० आहे, म्हणजे किलोमागे जवळजवळ ८.७ मिलिग्रॅम पडतात. मर्यादेच्या पावणेदोन पटीला थोडंसंच कमी.

हे कसं घडतं तेही सांगतो, कारण यात कुणाची दुष्टाई नसते. गोळी मुख्यतः २०० आणि ४०० मध्ये मिळते, लक्षात ठेवायला सोपी. त्यातून जुना नियम किलोमागे ६.५ मिलिग्रॅम असा होता आणि तोही 'आदर्श' वजनावर, म्हणजे उंचीवरून काढलेल्या वजनावर धरायचा. आपल्याकडच्या बायका पाच फुटांच्या आसपास, आमवाताने खंगलेल्या, काट्यावर ४२-४५ भरणाऱ्या. उंचीवरून काढलेलं वजन त्यांच्या खऱ्या वजनापेक्षा जास्त यायचं आणि बारीक बाईलाच सगळ्यात जास्त मात्रा पडायची. प्रत्यक्ष वजनाचा नियम आला तो नेमका या कारणाने. पण जुन्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली की गोळी मिळते. वजनकाट्यावर कुणी उभं करत नाही.

तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. फवारणीचं औषध तेच असतं, एकरी मात्रा चुकली की पान करपतं, आणि म्हणून कुणी फवारणीच बंद करत नाही, माप सुधारतो.

ही गोळी शरीरात फार सावकाश साठते आणि तितक्याच सावकाश बाहेर पडते, त्यामुळे एका दिवसाच्या डोसपेक्षा आठवड्याची सरासरी महत्त्वाची. म्हणून २०० ची गोळी वापरून आठवड्याचं गणित जमवता येतं. २३० गुणिले ७ म्हणजे १६१०. आठवड्यात २०० च्या आठ गोळ्या झाल्या की १६००. म्हणजे रोज एक आणि एखाद्या ठरलेल्या वारी दोन. हे मी गणित म्हणून दाखवतोय. डोस बदलायचा तो सांध्यांच्या डॉक्टरांनीच, कारण सांधे किती आटोक्यात आहेत, जोडीला मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं दुसरं औषध आहे का, हे त्यांना माहीत. डोस कमी करून सांधे बिघडत असतील तर ते दुसरं औषध वाढवतील. आणि वजन दर भेटीला करा. सहा वर्षांपूर्वी ५२ असलेलं वजन आज ४६ असेल, तर गणितही आजच्या वजनावर मांडायचं.

आता 'डोळे जातात' या निरोपाबद्दल. ते पूर्ण खोटं नाही, म्हणून तर ते पसरतं. या गोळीची थोरली बहीण क्लोरोक्विन, मलेरियाची. तिने पडद्याला इजा होते हे १९५९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्यामानाने सुरक्षित भावंड म्हणून रुळलं. कितीतरी वर्षं असंच मानलं जायचं की याने डोळ्यांना होणारी इजा अगदी क्वचित, हजारात एखादी. तेव्हा डॉक्टर पडद्यात डोकावून बघत आणि मध्यभागी 'बैलाच्या डोळ्या'सारखं कडं दिसलं तरच इजा म्हणत. ते कडं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

चित्र बदललं ते यंत्रामुळे. ओसीटी हे तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने मांडलं. डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा मंद किरण सोडायचा आणि पडद्याच्या कुठल्या थरातून तो किती परतला यावरून आडवा छेद रेखाटायचा. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, डोळ्याला स्पर्शही नाही. आताची स्पेक्ट्रल डोमेन यंत्रं साधारण ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका बारकावा दाखवतात. ही यंत्रं हाताशी आल्यावर, डोळ्यात डोकावून साफ दिसणाऱ्या पडद्यांतही इजा सापडायला लागली. औषध पूर्वीचंच होतं, आपल्याला दिसायला लागलं होतं.

मग २०१४ मध्ये मेलिस आणि मारमोर या दोन डॉक्टरांचा अभ्यास आला. कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत पाच वर्षांहून जास्त ही गोळी घेतलेले २,३६१ रुग्ण त्यांनी पाहिले. या अभ्यासाचं बळ कशात आहे ते सांगतो. त्या संस्थेचं औषधदुकान, रुग्णालय आणि डोळ्यांची तपासणी एकाच नोंदवहीत आहे. रुग्णाने किती गोळ्या प्रत्यक्ष नेल्या, त्याचं वजन किती होतं, मूत्रपिंड कसं होतं आणि ओसीटीत काय दिसलं, हे सगळं एकाच माणसाच्या नावापुढे. त्यातून कळलं की एकूण ७.५ टक्के लोकांच्या पडद्यावर काही ना काही इजा होती. हजारात एक नव्हे, शंभरात सात-आठ.

पण हाच आकडा निरोपातून फिरवला तर दिशाभूल होते, कारण तो डोसप्रमाणे आणि वर्षांप्रमाणे पार बदलतो. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत राहिलात तर पहिल्या पाच वर्षांत धोका १ टक्क्याहून कमी, दहा वर्षांत २ टक्क्यांहून कमी, आणि वीस वर्षांनंतर मात्र २० टक्क्यांच्या जवळ. याच गटाने २०२३ मध्ये आणखी नेटका अभ्यास छापला. यात ३,३२५ लोकांच्या पडद्याचे स्कॅन वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढून पाहिले. ८१ जणांना इजा सापडली आणि त्यातली बहुतेक सौम्य होती. पंधरा वर्षांनंतरचा धोका डोसनुसार असा निघाला: किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत २.७ टक्के, ५ ते ६ मध्ये ११.४ टक्के, आणि ६ च्या वर २१.६ टक्के. तुमच्या आई या तिसऱ्या गटात आहेत. वजनकाट्याचा मी एवढा आग्रह का धरतो ते या तीन आकड्यांत आहे.

हे सगळं औषध बाजारात येण्यापूर्वीच का कळलं नाही, असं लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. बाजारात येण्याआधीच्या चाचण्या काही महिने चालतात, फार तर दोन-तीन वर्षं. दहाव्या वर्षी उगवणारी इजा त्यात दिसणारच नाही. शिवाय साधं गणित आहे: ३०० लोकांत एखादा त्रास एकदाही दिसला नाही, तरी तो खरोखर शंभरात एकाला होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून औषधाची सुरक्षितता कळते ती नंतर, वापरातून, आणि तेही नोंदी नीट ठेवल्या तरच.

आता तपासणीत नेमकं काय बघतात ते सांगतो, म्हणजे पैसे कशाचे देतोय हे तुम्हाला कळेल.

ओसीटीच्या चित्रात पडदा करड्या पट्ट्यांच्या थरांसारखा दिसतो. मधोमध एक खळगा, तो फोव्हिया. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो ते याच्या जोरावर. तळाशी एक उजळ, सलग, बारीक रेघ असते, तिला एलिप्सॉइड झोन म्हणतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी शाबूत आहेत की नाहीत हे ती रेघ सांगते. या गोळीची इजा सहसा फोव्हियाला सोडून त्याच्या आजूबाजूला सुरू होते. खळग्याखाली रेघ ठसठशीत असते आणि दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर ती पुसट होते, मग तुटते.

जतकडच्या एक मावशी माझ्याकडे यायच्या, त्यांची गोष्ट सांगतो. तक्ता अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. तक्रार एवढीच की पोथी वाचताना "अक्षर दिसतंय, पण शेजारचं मधेच जातंय." चष्मा दोनदा बदलून झाला होता. डोळ्यात थेंब टाकून पाहिलं तर पडदा वरवर बरा. ओसीटी काढल्यावर खळग्याच्या दोन्ही अंगांना ती रेघ नव्हती, मध्ये मात्र छोटासा तुकडा छान शिल्लक होता. त्या तुकड्यावर त्या तक्ता वाचत होत्या. ४०० ची गोळी एकाच जुन्या चिठ्ठीवर कितीतरी वर्षं चालली होती आणि मधल्या काळात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारा आकडा) वाढलेलं कुणी या गोळीशी जोडून पाहिलं नव्हतं. सांध्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवली, दुसरं औषध लावलं. रेघ परत आली नाही. ती येत नाही. पण मधला तुकडा टिकला, आणि भरपूर उजेडात त्या अजून वाचतात.

'आईला काहीच त्रास नाही' यावर विसंबून राहू नका असं मी म्हणतो ते यासाठीच. त्रास जाणवायला लागतो तेव्हा बरंच गेलेलं असतं. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध नाही. 'डोळ्यांच्या ताकदीच्या' गोळ्यांनीही ही इजा टळत नाही, त्यावर पैसे घालवू नका. उलट इजा अगदी सुरुवातीला, फक्त स्कॅनमध्येच दिसत असताना गोळी थांबवली तर ती सहसा तिथेच थोपते. खालचा रंगद्रव्याचा थर गेल्यावर थांबवली तर गोळी बंद झाल्यावरही इजा काही काळ पुढे सरकत राहते. कित्येक वेळा माणसाची पुढची वीस वर्षं या फरकावर ठरतात.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती तपासणी करणाऱ्यालाही आठवण करून द्यावी लागते. मेलिस आणि मारमोर यांनीच २०१५ मध्ये दाखवलं की आशियाई वंशाच्या रुग्णांत निम्म्यांची इजा फक्त बाहेरच्या भागात, मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या भागाच्या) कडेला, रक्तवाहिन्यांच्या कमानींच्या जवळ होती. गोऱ्या रुग्णांत असं प्रमाण २ टक्के होतं. म्हणजे फक्त मधला भाग स्कॅन केला तर निम्मी इजा चित्राबाहेर राहू शकते. त्यामुळे तपासणीला गेल्यावर सांगा: "ही एचसीक्यूसाठीची तपासणी आहे, स्कॅन रुंद घ्या, कमानींपर्यंत." फील्ड टेस्टलाही तेच. तिचे नमुने असतात. १०-२ हा मधला भाग बारकाईने बघतो, २४-२ किंवा ३०-२ बाहेरचा भागही बघतो. आपल्याकडे नुसत्या १०-२ वर थांबू नये.

फील्ड टेस्टची लोकांना फार धास्ती असते, विशेषतः वयस्क बायकांना, म्हणून घरीच समजावून आणा. अंधारी खोली, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकलेला. समोर पांढऱ्या वाटोळ्या पोकळीत मधोमध एक ठिपका, त्यावरच नजर. आजूबाजूला कुठेतरी बारीक प्रकाश चमकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. काही ठिपके इतके मंद असतात की कुणालाच दिसत नाहीत. न दिसणं म्हणजे नापास होणं नव्हे. बायका घाबरून नजर ठिपक्यांच्या मागे फिरवतात किंवा यंत्राचा आवाज आला की बटण दाबतात, आणि अहवाल भलताच येतो. यंत्र तेही टिपतं, कागदावर वर छापून येतं. पहिला कागद खराब आला तर लगेच काही ठरवू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा. एसटीने उपाशीपोटी तीन तास प्रवास करून आलेल्या बाईची फील्ड टेस्ट मी शक्यतो लगेच घेत नाही. आधी खाऊ द्या, बसू द्या.

जिथे सोय असेल तिथे ऑटोफ्लुरोसन्स नावाचा फोटोही काढतात. पडद्यातले रंगकण विशिष्ट प्रकाशात आपोआप चमकतात; आजारी भाग आधी जास्त चमकतो, मेला की काळा पडतो. यात सुई टोचत नाहीत. ओसीटी आणि फील्ड यांचं एकमेकांशी जुळत नसेल तेव्हा हा फोटो उपयोगी पडतो. मल्टिफोकल ईआरजी ही पडद्याचे विद्युत-संकेत मोजणारी तपासणी अडलेल्या प्रसंगासाठी असते, ती तुम्हाला आत्ता लागणार नाही.

आणि स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं म्हणजे ते गोळीमुळेच, असंही नसतं. मधुमेहाची सूज, पडद्यावरची सुरकुती, वयाची झीज, यांनीही ती रेघ बिघडते. मोतीबिंदू दाट असेल तर स्कॅनच धूसर येतो. म्हणून तर गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षातच एकदा पडदा बघून ठेवायचा, म्हणजे आधीचं काय आणि नंतरचं काय हे कळतं. त्यानंतर धोक्याचं दुसरं कारण नसेल तर पाच वर्षांनी वार्षिक तपासणी सुरू. डोस जास्त असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल किंवा मॅक्युलाचा आजार आधीपासून असेल, तर पाच वर्षं थांबायचं नाही. तुमच्या आईची सहा वर्षं झालीत आणि डोसही जास्त आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी वेळ झालेली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर सांगितलं.

मूत्रपिंडावर जरा थांबतो. ही गोळी शरीराबाहेर पडते त्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा आहे. ते कमी चालत असेल तर चिठ्ठीवर २०० असूनही रक्तात जास्त साठतं. २०१४ च्या अभ्यासात मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत इजेची शक्यता सुमारे दुप्पट होती आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत साडेचार पटीच्या आसपास. सांधेदुखीचा माणूस वेदनाशामक गोळ्या खातोच. त्यात मे महिन्याच्या उन्हात बागेतल्या नाहीतर खुरपणीच्या कामावर, पाणी कमी, लघवी कमी. अशा बाईचं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासलं पाहिजे आणि तो कागद डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवला पाहिजे. सांध्यांचे डॉक्टर मिरजेत, डोळ्यांचे सांगलीत, रक्त तपासलेलं तालुक्याला. तिन्ही कागद एका पिशवीत आले तरच गणित जमतं.

भारतात ही गोळी टाइप २ मधुमेहासाठी जोड औषध म्हणूनही वापरली जाते, २०१४ पासून तिला तशी मान्यता आहे. त्या रुग्णांना आपण 'सांध्यांची गोळी' घेतोय हे माहीतच नसतं, आणि मूत्रपिंड व पडदा दोन्ही आधीच मधुमेहाने दमलेले असतात. घरात कुणाला साखरेसाठी ही गोळी असेल तर त्यांनाही हेच नियम लागू. कोरोनाच्या वेळी, २०२० मध्ये, आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधासाठी काही आठवडे ती घेतली. त्यातले कुणी आज पडद्याच्या काळजीत असतील तर त्यांनी निर्धास्त राहावं. एवढ्या थोडक्या गोळ्यांनी हा साठ्याचा आजार होत नाही.

गोळी बंद करू नका असं मी का म्हणतो, ते आता. आमवात आटोक्यात नसला की सांधे वाकडे होतात आणि ते वाकडेपण परत सरळ होत नाही. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, असेल तर प्रश्न जिवाचा होतो. कॅनडातल्या एका अभ्यासगटाने १९९१ मध्ये स्थिर ल्युपस असलेल्या रुग्णांत ही गोळी काहींना चालू ठेवली, काहींना नकली गोळी दिली. गोळी सुटलेल्यांत आजार उसळण्याची शक्यता अडीच पट निघाली. मूत्रपिंडाचा ल्युपस उसळलेली तरुण मुलगी मी पाहिली आहे. कुणाचा तरी निरोप वाचून घरच्यांनी तिची गोळी थांबवली होती. डोळे तेव्हाही ठीक होते, नंतरही ठीक होते. तिला डायलिसिसपर्यंत जावं लागलं. असले निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरनेही, मी धरून, एकतर्फी 'गोळी बंद' असं लिहू नये. संशय असेल तर तपासणी पुन्हा करावी, पक्कं झालं तर सांध्यांच्या डॉक्टरांना फोन करावा आणि पर्याय ठरवून मग थांबवावी. थोडी वाट पाहून खात्री करून घ्यायला बहुतेक वेळा सवड असते, कारण ही इजा दिवसांत नाही, महिन्या-वर्षांत सरकते.

सगळ्याच औषधांना हा सवडीचा नियम लावू नका. क्षयरोगाच्या उपचारातलं एथाम्बुटॉल वेगळं आहे. ते पडद्यापेक्षा डोळ्याच्या नसेला धरतं, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते साध्या क्षयरोगाला सहाही महिने असतं. लाल-हिरवा रंग फिका वाटायला लागला किंवा दोन्ही डोळ्यांना धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. तिथे ते औषध सहसा लगेच थांबवतात, बाकीची क्षयरोगाची औषधं चालू ठेवून. आधी स्कॅन सामान्य येऊ शकतो, म्हणून रंगांची तपासणी जास्त महत्त्वाची. स्टिरॉइडचंही सांगून ठेवतो: सांधेदुखीवर बाजारच्या गावी कागदात बांधून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये पुष्कळदा तेच असतं. त्याने पडद्याखाली पाणी साठतं, मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्याचा दाब वाढतो. आई अशी पुडी घेत असतील तर लपवू नका, आम्हाला सांगा. आणि मधुमेहावरचं, वजनावरचं सेमाग्लुटाइड सध्या जोरात आहे. २०१६ च्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांचा मधुमेही पडदा बिघडला, न घेणाऱ्यांत १.८ टक्के. यात साखर झपाट्याने उतरण्याचा वाटा असावा असं मानतात. ज्यांचा पडदा आधीच खराब आहे त्यांनी सुरू करण्याआधी तो दाखवून घ्यावा, एवढंच.

औषध जुनं आणि रुळलेलं आहे म्हणून डोळ्यांना सुरक्षित, असंही समजू नये. पेंटोसान पॉलिसल्फेट हे मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यावरचं औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झालं. २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी, अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या पडद्यावर एकाच धाटणीचे विचित्र डाग पाहिले आणि चौकशी केली, तर सगळ्यांत हे औषध सामाईक. २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात इशारा आला. सहा माणसं, नीट काढलेले फोटो, आणि 'कुठलं औषध, किती वर्षं' हे विचारणारा कुणीतरी, एवढ्यावर हे उघडकीला आलं.

आपल्याकडे कमी पडतं ते इथे. गोळी कधी सुरू केली हे विचारलं की उत्तर येतं, "थोरलीच्या लग्नाच्या आधी." आधीचा स्कॅन कुठाय, तर घर बदलताना हरवला. तुमच्या आईसाठी एक वही करा. पहिल्या पानावर गोळी सुरू झालेला महिना आणि वर्ष, डोस. खाली दर सहा महिन्यांनी तारीख, वजन, क्रिएटिनिन, डोस बदलला असेल तर तो. ओसीटी आणि फील्डचे मूळ कागद त्याच पिशवीत, आणि मोबाइलमध्ये फोटो. थर्मल कागदावरची छपाई दोन वर्षांत उडते. शक्यतो दरवर्षी त्याच यंत्रावर स्कॅन करा, म्हणजे जुन्यावर नवा ठेवून तुलना करता येते.

आणि खरंच औषधाने इजा झालेली आढळली तर ती कळवायची व्यवस्था आहे. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतो. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ हा मोफत फोन आहे. कळवल्याने कुणावर खटला होत नाही, फक्त नोंद होते. पण अशा नोंदी आपल्या जिल्ह्यांतून गेल्या तरच ४५ किलोच्या, उन्हात राबणाऱ्या बायकांचे आकडे कुठेतरी जमतील. आज आपण कॅलिफोर्नियाचे आकडे उसने घेऊन इथले डोस ठरवतोय.

आता तुमच्यापुरतं. आईचं वजन घरच्या नाही, दवाखान्याच्या काट्यावर करा. क्रिएटिनिन तपासा. सांध्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, तोवर गोळी चालू ठेवा आणि जाताना '४६ किलो, ४०० रोज, सहा वर्षं' हे कागदावर लिहून न्या. डोळ्यांच्या तपासणीला थेंब टाकतील, चार-पाच तास जवळचं धूसर दिसेल, तेव्हा सोबत कुणीतरी असू द्या आणि उन्हासाठी गॉगल किंवा छत्री घ्या. अहवाल साफ आला तर डोस सुधारून गोळी चालू राहील आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा तपासणी. काही सापडलं तर सगळे कागद आणि आधीचा कुठलाही डोळ्यांचा जुना कागद, चष्म्याच्या दुकानातला असला तरी, घेऊन पडद्याच्या डॉक्टरांकडे या.